बिली जो शेव्हर: गाणी गाजली, गायक मागे राहिला

1973 च्या जुलैमध्ये आरसीए कंपनीनं गायक वेलन जेनिंग्जचा 'हॉन्की टॉन्क हीरोज' हा आल्बम बाजारात आणला. त्यावर दहा गाणी होती. त्यातली नऊ टेक्ससच्या एका अनोळखी माणसाची होती आणि त्या नवांपैकी एकात खुद्द जेनिंग्जची भागीदारी होती. अमेरिकन कंट्री संगीताचा इतिहास लिहिणारा कुणीही या आल्बमला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. पुढे 'आउटलॉ कंट्री', म्हणजे बंडखोर कंट्री, या नावानं जो प्रवाह ओळखला गेला, त्याचा पाया इथे घातला गेला असं मानतात.

नऊ गाणी लिहिणारा तो माणूस बिली जो शेव्हर. त्याच वर्षी त्याचा स्वतःचा पहिला आल्बमही आला, 'ओल्ड फाइव्ह अँड डायमर्स लाइक मी'. त्याची निर्मिती क्रिस क्रिस्टॉफरसननं केली होती, म्हणजे पाठीशी नावही मोठं होतं. गाणी त्याच तोडीची होती, काही तर तीच होती. जेनिंग्जच्या आल्बमनं इतिहास घडवला. शेव्हरचा आल्बम मात्र मोजक्या जाणकारांपुरता राहिला. एकाच वर्षी, एकाच लेखणीतून उतरलेल्या गाण्यांच्या वाट्याला असं वेगवेगळं नशीब का आलं, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचं तयार उत्तर आहे 'दुर्दैव'. शेव्हरबद्दल लिहिलेल्या बहुतेक मजकुरात हा शब्द कुठे ना कुठे येतोच, आणि त्याच्या आयुष्यात दुःख कमी नव्हतं हेही खरं. पण मला ते उत्तर अपुरं वाटतं. ज्या व्यवस्थेनं त्याला जगवलं, त्याच व्यवस्थेनं त्याला झाकून ठेवलं. आणि त्यातून तो बाहेर आला तो कंट्री संगीताच्या धंद्याचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलच्या मदतीनं नव्हे, घरातल्याच एका गिटारमुळे.

कॉर्सिकाना ते नॅशव्हिल

बिली जोचा जन्म 16 ऑगस्ट 1939 चा, टेक्ससमधल्या कॉर्सिकाना गावचा. तो जन्मण्याआधीच वडील घर सोडून गेले होते. आई व्हिक्टरी वेकोत एका नाइटक्लबमध्ये कामाला होती, त्यामुळे बाराव्या वर्षापर्यंत त्याला आजीनं वाढवलं. आजीच्या तुटपुंज्या पेन्शनवर घर चालायचं. आजी गेल्यावर तो आईकडे वेकोला आला. आईच्या कामाच्या ठिकाणी जाता-येता कंट्री संगीत त्याच्या कानावर पडत गेलं. आठवीनंतर शाळा सुटली, मग मामांबरोबर कापूस वेचणं आणि सतराव्या वर्षी नौदल. तिथून परतल्यावर मिळेल ते काम. काही काळ रोडिओत बिथरलेल्या घोड्यांवरही बसून पाहिलं.

पुढे एका सॉ मिलमध्ये कामाला असताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं जवळजवळ पूर्ण गेली. जखम चिघळली, दुखणं लांबलं. त्यातून बरा झाल्यावर उरलेल्या बोटांनी गिटार कशी वाजवायची हे तो स्वतःच शिकला. त्याच्या वादनात कसरत नाही, नक्षी नाही. ठोका आणि सूर धरून ठेवायचा, बाकी सगळं शब्दांवर सोडायचं. ही त्याची निवड होती की नाइलाज, हे वेगळं काढता येणार नाही, पण त्याच्या गाण्यांचा आटोपशीर बांधा या हाताशी जोडलेला आहे असं मला ऐकताना सतत वाटतं.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तो लॉस एंजेलिसला जायचं ठरवून रस्त्यावर उभा राहिला. पश्चिमेकडे जाणारी एकही गाडी थांबेना. तेव्हा त्यानं पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीला हात दाखवला. त्या गाडीनं मेम्फिसच्या बाहेर सोडलं, पुढची गाडी नॅशव्हिलला घेऊन गेली. तिथे गायक बॉबी बेअरच्या कचेरीत आठवड्याला 50 डॉलरवर गाणी लिहायची नोकरी मिळाली. इथून त्याचं बस्तान बसायला सुरुवात झाली आणि तिढाही इथूनच सुरू झाला.

दोन सेंटांचं गणित

आपल्याकडे आकाशवाणीवर गाण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावं सांगायची रीत होती. शब्द कुणाचे आहेत हे ऐकणाऱ्याला वेगळं शोधावं लागत नसे. अमेरिकन रेडिओवर निवेदक नाव घेतो ते गायकाचं. लिहिणाऱ्याचं नाव तबकडीच्या मधल्या गोल लेबलवर, गाण्याखाली बारीक अक्षरात.

पैशाचं चित्र मात्र वेगळं आहे आणि ते समजल्याशिवाय शेव्हरची कारकीर्द समजत नाही. अमेरिकेत 1909 च्या कायद्यानं ठरलेला दर 1978 पर्यंत कायम होता: विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे प्रत्येक गाण्याला दोन सेंट. त्यातला निम्मा वाटा प्रथेनुसार गाणी सांभाळणाऱ्या प्रकाशन कंपनीचा. म्हणजे 'हॉन्की टॉन्क हीरोज'ची एक प्रत विकली की नऊ गाण्यांचे अठरा सेंट. प्रकाशकाचा वाटा आणि एका गाण्यातली भागीदारी वजा केली, तर लिहिणाऱ्याच्या हाती नऊ सेंटही पडणार नाहीत, तेही पूर्ण दर मिळाला तर. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. पण याला जोड होती रेडिओची. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला, गाणाऱ्याला नाहीत. शिवाय एकच गाणं पाच जणांनी गायलं तर पाचही ठिकाणांहून पैसे येतात, वर्षानुवर्षं येत राहतात.

तेव्हा लिहिणाऱ्यासाठी शहाणपणाचा रस्ता एकच: गाणी मोठ्या गळ्यांकडे पोचवत राहायची. स्वतः गायचं म्हणजे बसचं भाडं, वादकांचे पगार, कंपनीनं दिलेली उचल आणि ती फिटेपर्यंत रिकामा खिसा. नॅशव्हिलमध्ये कितीतरी गुणी लेखकांनी पहिला रस्ता धरला आणि ते सुखानं जगले. शेव्हरचं दुखणं असं की त्याला दोन्ही हवं होतं. त्याची गाणी त्याच्या स्वतःच्या आयुष्यातून उचललेली होती. आजीची पेन्शन, आठवीपर्यंतचं शिक्षण, रस्त्यावरचे दिवस. 'आय बीन टू जॉर्जिया ऑन अ फास्ट ट्रेन' दुसऱ्या कुणी गायलं तर ती एक गोष्ट होते. तो स्वतः गातो तेव्हा ती साक्ष होते. हा फरक त्याला कळत होता, म्हणून त्यानं गाणं सोडलं नाही.

जेनिंग्जचा पाठलाग

मार्च 1972 मध्ये ऑस्टिनजवळ ड्रिपिंग स्प्रिंग्ज इथे तीन दिवसांचा एक मोठा संगीत मेळा झाला. तिथे एका ट्रेलरमध्ये गाणी चालली असताना जेनिंग्जनं बिली जोचं 'विली द वाँडरिंग जिप्सी अँड मी' ऐकलं. असली अजून गाणी असतील तर नॅशव्हिलला घेऊन ये, सगळा आल्बम करू, असं तो म्हणाला. अशा बैठकीत दिलेली वचनं सकाळपर्यंत टिकत नाहीत, हे त्या धंद्यात सगळ्यांना माहीत होतं. बिली जोनं मात्र ते वचन अक्षरशः खरं धरलं.

पुढचे कित्येक महिने तो जेनिंग्जच्या मागे होता. फोन केले, निरोप ठेवले, दारं ठोठावली. शेवटी एका रात्री त्यानं त्याला आरसीएच्या स्टुडिओतच गाठलं. पुढचं तो नंतर अनेकदा सांगत असे: जेनिंग्जनं कुणाकरवी तरी शंभराची नोट पाठवली, घे आणि जा म्हणून. यानं नोट परत केली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की माझी गाणी ऐक, नाहीतर इथेच तुला बडवतो. आजूबाजूचे लोक हबकले. जेनिंग्जनं त्याला बाजूला नेलं आणि तडजोड केली: एक गाणं म्हण, आवडलं तर दुसरं, नाही आवडलं तर निघायचं. एकामागून एक गाणी होत गेली, आणि आल्बम ठरला.

या हकीगतीतलं शौर्य मला तितकंसं महत्त्वाचं वाटत नाही, जेनिंग्जची त्या वेळची गरज वाटते. आरसीएच्या नॅशव्हिल शाखेचा प्रमुख चेट अ‍ॅटकिन्स होता आणि तिथली पद्धत ठरलेली होती: कंपनीचा निर्माता, कंपनीचे वादक, मागे तंतुवाद्यांचा आणि कोरसचा मऊ पडदा. जेनिंग्जनं 1972 मध्ये नवा मॅनेजर नेमून कंपनीशी नव्यानं करार केला आणि आपली गाणी, आपले वादक, आपला आवाज निवडण्याचा हक्क मिळवला. हक्क तर मिळाला, पण त्यातून म्हणायचं काय? त्याला अशी गाणी हवी होती जी त्या गुळगुळीत साच्यात बसणारच नाहीत. शेव्हरची गाणी बसत नव्हती. जेनिंग्जच्या स्वातंत्र्याला आशय मिळाला तो इथून.

'यू आस्क्ड मी टू' हे दोघांच्या भागीदारीतलं गाणं बिलबोर्ड या संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. एल्विस प्रेस्लीनंही ते गायलं. त्याच वर्षी बॉबी बेअरनं 'राइड मी डाउन ईझी' अकराव्या क्रमांकावर नेलं. लेखक म्हणून 1973 हे बिली जोचं सोन्याचं वर्ष. आणि त्याच वर्षी गायक म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही, कारण ती गाणी ऐकायची तर लोकांकडे जेनिंग्ज होता: भरदार, खोल, घोगरा आवाज, आणि खाली धडधडणारा बेस. त्यापुढे बिली जोचा कोरडा, बोलल्यासारखा आवाज कच्च्या मसुद्यासारखा वाटला असणार. आज तो आल्बम ऐकताना मला तसं वाटत नाही. पण तेव्हाच्या श्रोत्याला दोष द्यावा असंही वाटत नाही.

1976 मध्ये आरसीएनं 'वाँटेड! द आउटलॉज' हा संग्रह काढला आणि मोठ्या खपाचं प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळवणारा तो पहिला कंट्री आल्बम ठरला. मुखपृष्ठावर जेनिंग्ज, विली नेल्सन, जेसी कोल्टर आणि टॉम्पाल ग्लेझर. आत शेव्हरनं लिहिलेलं 'हॉन्की टॉन्क हीरोज' आहे. शेव्हर कुठेही नाही.

कंपन्या

याच काळात त्याच्या पायाखालची जमीन वारंवार सरकत होती. पहिला आल्बम काढणाऱ्या मॉन्युमेंट कंपनीनंतर एमजीएमशी करार झाला, आल्बम निघालाच नाही. मग जॉर्जियातली कॅप्रिकॉर्न कंपनी: 1976 आणि 1977 मध्ये दोन आल्बम, आणि 1979 मध्ये कंपनीनंच दिवाळं काढलं. त्यानंतर कोलंबिया, 1981, 1982 आणि 1987.

त्याची स्वतःची बाजूही सांगायला हवी. त्या वर्षांत तो दारू आणि मादक पदार्थांत बुडालेला होता, संसार मोडत आणि पुन्हा जुळत होता. ब्रेंडाशी त्याचं लग्न झालं, मोडलं आणि पुन्हा झालं, असं एकाहून अधिक वेळा. कोणत्याही कंपनीला असा माणूस सांभाळणं अवघड गेलं असतं. नॅशव्हिलजवळ हार्पेथ नदीच्या एका कड्यावर, सगळं संपवावं अशा मनःस्थितीत एका रात्री तो गेला होता आणि तिथून उतरताना 'आय'म जस्ट अ‍ॅन ओल्ड चंक ऑफ कोल'ची पहिली ओळ सुचली, असं त्यानं सांगितलं आहे. नंतर कुटुंबाला घेऊन तो ह्यूस्टनला गेला आणि व्यसनातून बाहेर पडला. 1981 मध्ये जॉन अँडरसननं ते गाणं चौथ्या क्रमांकापर्यंत नेलं. पुन्हा तेच: इतक्या खाजगी क्षणातून निघालेलं गाणंही लोकांनी ओळखलं ते दुसऱ्याच्या आवाजात.

एडी

बिली जो आणि ब्रेंडाचा एकुलता एक मुलगा एडी, जन्म 1962. विशीच्या आतच तो वडिलांबरोबर वाजवू लागला होता. त्याची गिटार कंट्रीची नव्हती. ब्लूज आणि रॉकमध्ये मुरलेली, मोठ्या आवाजाची, अंगावर येणारी होती. काही काळ तो गायक ड्वाइट योकमकडेही वाजवत होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बाप-लेकांनी सरळ 'शेव्हर' नावाचा बँड केला आणि 1993 मध्ये 'ट्रॅम्प ऑन युअर स्ट्रीट' आला.

माझ्या मते या कारकिर्दीचा मध्य इथे आहे, 1973 मध्ये नाही. वीस वर्षं बिली जोच्या आवाजाची तुलना मोठ्या गळ्यांशी होत राहिली आणि त्या तुलनेत तो हरत राहिला. एडीच्या गिटारनं ती तुलनाच बाद केली. गिटार जे ओरडून सांगायचं ते सांगते, त्यामुळे आवाजाला मोठं व्हावं लागत नाही. तो म्हातारा, खरखरीत, जवळजवळ सांगितल्यासारखा आवाज त्या गदारोळाच्या मधोमध निश्चल उभा राहतो आणि एकेक शब्द स्पष्ट पोचतो. 1973 चीच गाणी या बँडबरोबर ऐकली की कळतं, ती आता दुसऱ्या कुणाची राहिलेली नाहीत. 1995 चा 'अनशेव्हन' हा अटलांटातल्या एका बारमधल्या कार्यक्रमाचा आल्बम याचा उत्तम पुरावा आहे.

'लिव्ह फॉरएव्हर' याच काळातलं, दोघांनी मिळून केलेलं. 1995 मध्ये जेनिंग्ज, नेल्सन, जॉनी कॅश आणि क्रिस्टॉफरसन यांच्या हायवेमेन या चौकडीनं ते गायलं. 2009 च्या 'क्रेझी हार्ट' चित्रपटात रॉबर्ट डुव्हाल ते गुणगुणतो. तरीही हे गाणं ऐकायचं तर लोक पहिल्यांदा शेव्हरकडे जातात. त्याच्या गाण्यांच्या बाबतीत असं आधी फार घडलं नव्हतं.

1998 मध्ये दोघांनी मोजक्या वाद्यांवर भक्तिगीतांचा 'व्हिक्टरी' हा आल्बम केला, एडीच्या आजीच्या, म्हणजे बिली जोच्या आईच्या नावाचा. पुढच्या वर्षी, 1999 मध्ये, ती आई गेली आणि ब्रेंडाही कर्करोगानं गेली. 31 डिसेंबर 2000 रोजी हेरॉइनच्या अतिमात्रेनं एडी गेला. अडतीस वर्षांचा होता. त्याच रात्री ऑस्टिनजवळ बाप-लेकांचा कार्यक्रम ठरलेला होता. विली नेल्सननं वादक गोळा केले, बिली जोला सोबत केली, आणि बिली जो त्या रात्री गायला. दोघांनी आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेला 'द अर्थ रोल्स ऑन' 2001 मध्ये निघाला. त्याच वर्षी ग्रीन हॉल या टेक्ससच्या जुन्या नाचघरात गाताना बिली जोला हृदयविकाराचा झटका आला.

नंतर

उरलेल्या वीस वर्षांत मान मिळत गेला. 2002 मध्ये अमेरिकाना संगीत संघटनेचा गीतलेखनाचा जीवनगौरव, 2004 मध्ये नॅशव्हिलच्या गीतकारांच्या हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश. 2009 मध्ये बॉब डिलननं आपल्या एका गाण्यात त्याचं नाव थेट कादंबरीकार जेम्स जॉइसच्या शेजारी ठेवलं. 2014 चा 'लाँग इन द टूथ' हा बिलबोर्डच्या कंट्री आल्बमच्या यादीत शिरलेला त्याचा पहिला आल्बम. तेव्हा तो पंचाहत्तरीत होता.

2007 मध्ये वेकोजवळच्या लोरेना गावात एका बारबाहेर त्यानं एका माणसावर गोळी झाडली. तो माणूस वाचला. 2010 मध्ये ज्युरीनं स्वसंरक्षण मान्य करून शेव्हरला निर्दोष सोडलं. वर्तमानपत्रांनी या खटल्याला जितकी जागा दिली, तितकी त्याच्या कोणत्याही आल्बमला कधी दिली नव्हती. 'खराखुरा आउटलॉ' हा शिक्का त्याच्यावर कायमचा बसला आणि मला हे मनापासून खटकतं, कारण त्याच्या गाण्यांत बंडखोरीचा आव फार कमी आहे. तिथे देवाशी बोलणं आहे, आजीची आठवण आहे, आपल्या चुकांची न लपवता दिलेली कबुली आहे.

28 ऑक्टोबर 2020 रोजी वेकोत, एक्क्याऐंशीव्या वर्षी तो गेला. 2022 मध्ये त्याच्या गाण्यांचा एक श्रद्धांजली-आल्बम निघाला. त्यात विली नेल्सन, ल्युसिंडा विल्यम्स, जॉर्ज स्ट्रेट, मिरांडा लॅम्बर्ट अशी मंडळी आहेत. आल्बम चांगला आहे, पण सुरुवात तिथून करू नका. आधी 'ट्रॅम्प ऑन युअर स्ट्रीट' ऐका, मग 'व्हिक्टरी', मग 1973 चा त्याचा पहिला आल्बम, आणि जेनिंग्जचा 'हॉन्की टॉन्क हीरोज' सगळ्यात शेवटी. लोकांनी ज्या क्रमानं त्याला ऐकलं त्याच्या हा जवळजवळ उलटा क्रम आहे. असं ऐकलं की जेनिंग्जचा तो थोर आल्बमही वेगळा वाटतो: शेव्हरची गाणी एका मोठ्या गायकानं किती समजून गायली, ते त्यात नीट ऐकू येतं.